उलट्या झाकणावर उतरणारा मी

मी एक जुना ड्रोन आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला कुणाची कीव नको. आमच्यासारखे जुने झालेले बहुतेक जण आपली गोष्ट सांगायला बसले की तिसऱ्या वाक्याला डोळ्यांत पाणी आणतात. मी आणणार नाही. एक तर मला डोळा एकच आहे आणि त्याचीही काच तडकली आहे. दुसरं म्हणजे रडण्यासारखं माझ्या बाबतीत काही घडलेलंच नाही. मी अडगळीत नाही, माळ्यावर नाही, भंगारात तर मुळीच नाही. समोरच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा फळीवर मी बसलो आहे. दोन लांब लाकडी पट्ट्या शेजारी शेजारी ठोकून ही फळी केली आहे. पट्ट्यांना ओळीनं गोल भोकं आहेत. भोकांची फळी कशाला, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. तुम्ही विचारू नका, मीच सांगणार आहे.

माझ्या पोटावर एक नंबर चिकटवलेला आहे. तो सरकारी वहीत कधीच रद्द झाला. पोटावरून मात्र तो निघालेला नाही, कारण या घरातल्या सासूबाई काढू देत नाहीत.

पण सुरुवातीपासून सांगतो. एका लांबलचक टेबलावर माझी जुळणी झाली. माझ्यासारखे शेकडो जण ओळीनं पुढे सरकत होते. कुणी मोटर बसवत होतं, कुणी तार जोडत होतं. शेवटी एक बाई प्रत्येकाला मिनिटभर हवेत उभं करून बघायची. मला बघून ती शेजारणीला म्हणाली, "हा जरा डावीकडे ओढतोय गं."

शेजारीण मान वर न करता म्हणाली, "किती?"

"थोडंसंच."

"मग चालतंय. जाऊ दे."

झालं! त्या एका 'चालतंय'वर मी जगात आलो. ती डावीकडची ओढ माझ्यात अजून आहे. मला तिची लाज वाटत नाही.

पहिल्यांदा मला घेतलं एका फोटोवाल्यानं. मोठमोठ्या समारंभांत तो मला उडवायचा. मी वर गेलो की सगळी माणसं माना वर करून हसायची, हात हलवायची. कौतुकाचं म्हणाल तर असं कौतुक फार कमी जणांच्या वाट्याला येतं. वर्षभर मी नुसता हवेत होतो, दोन्ही अर्थांनी! मग त्यानं माझ्याहून हलका, शांत आणि सरळ उडणारा दुसरा ड्रोन आणला, आणि मला जुन्या तारांच्या खणात टाकलं. दोन वर्षं मी त्या खणात होतो. तिथे एकच गोष्ट शिकलो. हात हलवणाऱ्या माणसांवर फार विसंबून राहू नये.

खणातून मला बाहेर काढलं ते एका अपघातानं. फोटोवाल्याचा एक मित्र होता, मिस्त्री. छपरं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. आता छपराचं काम कसं असतं ते नीट ऐका, कारण माझी सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. छपराचं भोक बुजवायला अर्धा तास पुरतो. पण ते शोधायला कधी कधी दोन दिवस जातात, कारण पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडेच. बुजवताना खाली परांची बांधलेली असते, कमरेला पट्टा असतो. शोधताना यातलं काहीच नसतं. "जरा बघून येतो" म्हणत माणूस शिडी लावतो आणि तसाच चढतो. मिस्त्रीही असेच एका गोदामावर जरा बघून यायला चढले. पत्र्यांच्या मध्ये उजेडासाठी प्लास्टिकचा एक पत्रा होता. वर्षानुवर्षं धूळ साचून तो बाकीच्यांसारखाच दिसत होता. मिस्त्रींनी त्यावर पाय ठेवला आणि आरपार खाली आले. कमरेचं हाड मोडलं. जीव वाचला, पण एक पाय कायमचा आखडला.

फोटोवाला त्यांना भेटायला आला तेव्हा पिशवीतून मला घेऊन आला. मिस्त्रींच्या बायकोच्या हातात मला ठेवत म्हणाला, "वहिनी, हा घ्या. माझ्याकडे पडूनच आहे. वर काय मोडलंय ते खालूनच दिसेल तुम्हाला. या मिस्त्रीला मात्र परत वर पाठवू नका."

मिस्त्री पलंगावरून म्हणाले, "खेळण्यानं छपरं दुरुस्त होतात होय?"

खेळणं म्हणाले मला! तेव्हाच मी मनाशी ठरवलं, या माणसाला एक दिवस दाखवून द्यायचं.

मिस्त्रींच्या बायकोला घरात सगळे सूनबाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. ती बोलायची कमी. तोवर ती गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची आणि मापं लिहून ठेवायची. माझा रिमोट तिनं हातात घेतला आणि आठवड्याभरात माझी डावीकडची ओढ तिच्या बोटांना पाठ झाली. मी जितका डावीकडे जाईन तितकं ती न बघता उजवीकडे दाबायची. इतकं समजून घेणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं.

अडचण एकच होती. छपराची भेग शोधायची तर तिला रिमोटच्या पडद्यात बघावं लागायचं. आणि पडद्यात बघताना बाहेरची विजेची तार, झाडाची फांदी, अंगावर येणारी घार, यातलं काहीही तिला दिसायचं नाही. पहिल्याच महिन्यात मी एका अँटेनात जाऊन अडकलो. दुसऱ्या दिवशी सासूबाई, म्हणजे मिस्त्रींच्या आई, कामावर आल्या. कुणी बोलावलं नव्हतं, त्या आल्या.

सासूबाईंनी एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली होती. बस मागे घ्यायची असली की मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!" म्हणायचं आणि पत्र्यावर दोन थापा मारायच्या, ही त्यांची खासियत. बस आणि मी, त्यांच्या लेखी फरक फक्त आकाराचा. त्या छपराकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि सुरू व्हायच्या, "टाकीकडे जा. अजून टाकीकडे. तार आहे, खाली घे. येऊ दे, येऊ दे... बास!" डावं-उजवं त्या कधीच म्हणत नसत. माझं तोंड फिरलं की माझं डावं ते त्यांचं उजवं व्हायचं. म्हणून टाकी, चिमणी, आंबट तोंडाच्या म्हाताऱ्याची खिडकी, अशा खुणा त्या सांगायच्या. सूनबाई पडद्यावरची नजर न हलवता ऐकायची. चार वर्षांत त्या दोघींचं घरात कशावरून एकमत झालेलं मी पाहिलं नाही. मिठापासून पडद्याच्या रंगापर्यंत वाद. पण मी हवेत असलो की सासू बोलायची आणि सून ऐकायची.

आणि झाकण! कामाच्या जागी जिकडे तिकडे खडी, वाळू, सिमेंट. जमिनीवर उतरलो की माझेच पंखे ती वाळू उडवायचे आणि मोटरमध्ये ओढून घ्यायचे. एकदा मोटर अशी करकरली की सूनबाईचा चेहरा पडला. सासूबाईंनी घरून मोठ्या पातेल्याचं ॲल्युमिनियमचं झाकण आणलं. ते उलटं करून, खालची मूठ घट्ट धरून त्यांनी ते डोक्यावर उंच उचललं. कडेला उभा काठ, मधे सपाट जागा. "आण इथे," त्या म्हणाल्या. सूनबाईनं मला आणलं, आणि मी अलगद त्या झाकणात बसलो. तेव्हापासून मी जमिनीला पाय लावला नाही. झाकणातून उडायचो, झाकणात उतरायचो. आमचं ते ठरूनच गेलं.

चार वर्षं आम्ही असं काम केलं. किती भेगा दाखवल्या, किती फुटकी कौलं, किती बुजलेल्या पन्हळी! भेगेची जागा नक्की झाल्यावरच कामगार परांची बांधून, पट्टा लावून चढायचे आणि अर्ध्या तासात उतरायचे. मिस्त्री खाली खुर्ची टाकून, काठी टेकून हुकूम सोडायचे. त्यांची लाकडी शिडी मागच्या भिंतीला टेकून उभी होती. "असू दे. लागेल कधी," असं ते म्हणायचे. शिडीकडे बघतानाची त्यांची नजर सूनबाईला आवडायची नाही. मलाही आवडायची नाही.

मग एक दिवस तपासनीस आले. कुणीतरी तक्रार केली होती, की खिडकीसमोर ड्रोन तरंगतो. तक्रार खोटी नव्हती. मी पन्हळ बघत होतो, पण आतल्या माणसाला ते कसं कळणार? सासूबाई नंतर म्हणाल्याच, "माझ्या खिडकीत असा डोळा तरंगत आला असता तर मी झाडूच घातला असता."

तपासनीस म्हणाले, "याचा नंबर?"

"नंबर?" सूनबाई म्हणाली.

"नोंदणीचा नंबर. आणि तुमचं लायसन्स?"

"हौसेनं उडवायला लायसन्स लागत नाही असं ऐकलं होतं."

"हौसेनं उडवता का?"

सूनबाईनं खोटं बोलायला हवं होतं असं त्या क्षणी मला वाटलं. ती बोलली नाही. "नाही. कामासाठी उडवते."

"कामासाठी लागतं. नोंदणी लागते, लेखी परीक्षा लागते, उड्डाणाची परीक्षा लागते." त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि माझ्या चारही पंख्यांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या. पट्टीवर छापलं होतं, 'उड्डाण बंद'. मित्रांनो, पाडणं परवडलं, मोडणं परवडलं, पण ती पट्टी! ज्यानं चार वर्षं एकाही माणसाला ओरखडा काढला नाही, त्याचे हात बांधून ठेवले. मी चिडलो होतो आणि अजून चिडलेलो आहे.

सूनबाई मात्र चिडली नाही. तिनं अर्ज भरला. नोंदणी झाली, पोटावर नंबर आला. लेखी परीक्षा ती पहिल्याच फटक्यात पास झाली. उड्डाणाच्या परीक्षेला एका मोकळ्या मैदानात बोलावलं. परीक्षेपुरत्या पट्ट्या काढायच्या, परीक्षा संपली की परत लावायच्या, असा नियम. परीक्षक साहेब हातात पॅड आणि कागद घेऊन उभे. वर जायचं, दहा आकडे मोजेपर्यंत स्थिर राहायचं, चौकोन काढायचा, इंग्रजी आठचा आकडा काढायचा, आणि मैदानाच्या मधोमध चुन्यानं आखलेल्या गोलात उतरायचं.

आम्ही सगळं केलं. आठ असा काढला की पाठीमागे रांगेत उभे असलेले दोघे-तिघे 'वा' म्हणाले. उरलं होतं फक्त उतरणं.

दोरीच्या पलीकडे सासूबाई उभ्या होत्या. मैदानात धूळ असेल म्हणून त्यांनी झाकण बरोबर आणलं होतं. ते चालणार नाही असं कळल्यावर, ऊन लागत होतं म्हणून, त्यांनी ते डोक्यावर धरलं होतं. उलटं. सवयच ती.

"उतरवा," परीक्षक म्हणाले.

सूनबाईच्या बोटांनी 'उतरवा' ऐकलं. चार वर्षांत त्या बोटांना उतरायची एकच जागा माहीत होती. मी वळलो, दोरी ओलांडली आणि सगळ्या मैदानाच्या डोळ्यांदेखत झाकणाच्या मधोमध जाऊन बसलो.

मग परीक्षक ओरडले, "अहो, माणसाच्या डोक्यावर उतरवलात! माणसापासून पंधरा मीटर लांब राहायचं! नापास!"

सूनबाई स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. सासूबाई झाकण खाली घ्यायचं विसरल्या. तुम्ही हसा हवं तर. पण मी उतरलो ते अगदी मधोमध उतरलो. हवं तर मोजा.

परीक्षकांनी आणखी एकच संधी दिली, पंधरा दिवसांनी, शुक्रवारी. त्यातही नापास झालो तर पुढचं वर्षभर अर्ज करता येणार नव्हता. आणि त्याच संध्याकाळी बेकरीवाल्याचा फोन आला. बेकरीचं छप्पर गळत होतं, मैद्याची पोती भिजत होती. तो जुना गिऱ्हाईक. छपरात प्लास्टिकचे पत्रे होते, एकदोन नव्हे, अकरा. धुळीनं सगळे सारखेच झालेले.

मिस्त्री म्हणाले, "त्याला परीक्षेनंतरच्या सोमवारचं सांग. लायसन्स आलं तर तू बघ. नाही आलं तर मी चढेन."

"अहो, काय बोलताय?" सूनबाई म्हणाली.

"मग काय करू? खुर्चीत बसून माश्या मारू? एवढी वर्षं चढलो, एकदा पडलो. जरा बघून येईन फक्त."

सासूबाई उठल्या आणि आत गेल्या. त्यांच्या खोलीचा दिवा लागला. परीक्षेच्या नियमांचं पुस्तक त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "सराव करायचा."

"कसा करणार आई? याला उडवायची बंदी आहे," सूनबाई म्हणाली.

"उडवायची आहे ना? उचलायची नाही."

आणि मग अंगणात जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. सासूबाईंनी मला दोन्ही हातांत धरलं, पट्ट्यांसकट. सूनबाईनं बंद रिमोट हातात घेतला. तिनं रिमोटची काडी पुढे ढकलली की सासूबाई पुढे चालायच्या. डावीकडे ढकलली की डावीकडे. माझी ओढसुद्धा त्यांनी सोडली नाही. सूनबाईनं उजवीकडे दाबायला उशीर केला की त्या मुद्दाम डावीकडे वाहवत जायच्या. अंगणात खडूनं गोल काढला होता. आठचा आकडा चालून झाला की त्या गोलात येऊन मला हळूच खाली ठेवायच्या. दिवसाला चाळीस वेळा! गुडघे दुखायचे, पण तोंड चालूच. "अगं, कुठे नेतेस मला? कपडे वाळत घातलेत तिकडे!"

तिसऱ्या दिवशी तपासनीस रस्त्यावरून जात होते. ते कुंपणाशी थांबले. "हे काय चाललंय?"

"चालणंच चाललंय," सासूबाई म्हणाल्या. "पायांना लायसन्स लागतं का?"

तपासनीस बराच वेळ बघत राहिले. मग ओठ दाबून निघून गेले. त्यांचे खांदे हलत होते ते मी पाहिलं.

पुस्तकाचं नववं पान सासूबाईंना सापडलं ते याच दिवसांत. त्यावर लिहिलं होतं, की चालक पडद्यात बघत असेल तर शेजारी नजर ठेवणारी दुसरी व्यक्ती असलीच पाहिजे, आणि तिचं नाव अर्जात हवं. तिनं 'थांब' म्हटलं की चालकानं यंत्र आहे तिथेच थांबवायचं, आणि तिनं 'चल' म्हणेपर्यंत हलवायचं नाही.

"हे तर मीच आहे!" सासूबाई म्हणाल्या.

त्या थेट कचेरीच्या खिडकीवर गेल्या. पट्ट्या तपासायच्या होत्या म्हणून मीही पिशवीत होतो. कारकुनानं अर्ज उलटसुलट बघितला. "आजी, नजर ठेवणारी व्यक्ती म्हणून तुम्ही?"

"हो."

"वय काय तुमचं?"

"अर्जात वयाचा रकाना आहे?"

त्यानं पाहिलं. "नाही."

"मग?"

"बरं, अनुभव?"

"एकतीस वर्षं बस मागे घेतल्या. एका माणसाला धक्का नाही. खांबांना दोन."

कारकुनानं शिक्का मारला. डोळे तपासून झाले, दहा प्रश्नांची परीक्षा झाली. दहापैकी दहा. त्या दिवसापासून स्वतःची ओळख त्या 'नजरवाली' अशी करून द्यायला लागल्या.

शुक्रवार उजाडला. मिस्त्रीही काठी टेकत मैदानावर आले. आदल्या दिवशी त्यांनी शिडीच्या पायऱ्या ठोकून बघितल्या होत्या. ते आवाज सूनबाईनं स्वयंपाकघरातून ऐकले होते.

या वेळी सासूबाई दोरीच्या आत, तिच्या शेजारी होत्या, आणि झाकण त्यांच्या काखेत होतं. "डोक्यावर धरणार नाही," त्यांनी परीक्षकांना बजावलं. "पण बरोबर असणार."

मी वर गेलो. वारा सुटला होता. दहा आकडे मी असा उभा राहिलो की जणू खिळ्याला टांगलंय. चौकोन झाला, आठ झाला. "झाडाकडे. अजून झाडाकडे. बास!" सासूबाई बोलत होत्या आणि सूनबाईची बोटं चालत होती. मग "उतरवा" आलं. सूनबाईनं मला गोलावर आणलं. या वेळी बोटं चुकली नाहीत. मी हळूहळू खाली येऊ लागलो. डोक्याएवढ्या उंचीवर आलो.

मागच्या वेळचा प्रकार परीक्षक साहेबांच्या मनातून गेला नसावा. माझे पाय गोलात पडतात की नाही ते जवळून बघायला म्हणून ते पुढे आले. पॅड धरून, वाकून, थेट चुन्याच्या रेषेशी.

थाड थाड! झाकणावर दोन थापा पडल्या. "थांब!"

सूनबाईची बोटं जागच्या जागी थांबली. मी हवेत थांबलो.

"काय झालं?" परीक्षक म्हणाले.

"साहेब, तुम्ही पंधरा मीटरच्या आत आलात. मागे व्हा."

"आजी, मी परीक्षक आहे."

"ते कळलं. मागे व्हा."

"अहो, मी परीक्षेशी संबंधित माणूस आहे!"

"संबंधित म्हणजे चालक आणि नजर ठेवणारी व्यक्ती. पान नऊ, खाली बारीक अक्षरांत. परीक्षक कुठे लिहिलेलं नाही. मी पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय."

तेवढ्यात माझी बॅटरी बोंबलायला लागली. पंधरा टक्के. माझं एक आहे, बॅटरी दहाच्या खाली गेली की मी कुणाचं ऐकत नाही. आहे तिथे खाली बसतो. मला तसंच बनवलंय. आणि खाली साहेबांचं डोकं होतं. तसं झालं असतं तर दुसऱ्यांदा माणसावर उतरलो असतो, आणि सोमवारी मिस्त्री त्या अकरा पत्र्यांवर चढले असते.

दोरीपलीकडून मिस्त्री ओरडले, "अगं, उतरव ना! साहेब सांगतायत तर उतरव! आई, तू गप्प बस!"

चौदा. तेरा. वारा मला डावीकडे ढकलत होता आणि माझी ओढही डावीकडेच. सूनबाईनं अंगठा उजवीकडे दाबून धरला होता. तिच्या कपाळावर घाम आला होता. पण तिनं वर पाहिलं नाही.

"आई 'चल' म्हणतील तेव्हाच उतरवीन," ती म्हणाली.

बारा. अकरा. मागची डावी मोटर तापली होती. मी म्हटलं, जळलो तरी चालेल, पण हलणार नाही. खेळणं म्हणालात ना मला? बघा आता.

परीक्षकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे. मग ते मागे वळले आणि पावलं मोजत चालू लागले. सासूबाई त्यांच्याबरोबर मोजत होत्या. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!"

आणि सुनेकडे न बघता, "चल."

मी खाली बसलो. चुन्याच्या गोलात, मधोमध. जमिनीवर. स्वतः उडून येऊन, चार वर्षांनी पहिल्यांदा.

परीक्षक बराच वेळ लिहीत होते. सूनबाईनं रिमोट छातीशी धरला होता. शेवटी त्यांनी कागद फाडून तिच्या हातात दिला. "मागच्या वेळी माणसावर उतरवलंत म्हणून नापास केलं होतं. आज उतरवलं नाहीत म्हणून नापास कसं करू? पास. यंत्र जुनं आहे, याला मात्र एकच वर्ष मिळेल." आणि जाता जाता म्हणाले, "आजी, जरा हळू ओरडत जा."

"हळू ओरडलं तर ऐकू कसं जाणार?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. माझे नाही.

सोमवारी बेकरीच्या छपरावर मीच गेलो. खिडकीवाल्यांना आदल्या दिवशी सांगून, रीतसर परवानगी घेऊन. चौथ्या आणि पाचव्या पत्र्याच्या सांध्यात बोटभर फट होती. मी ती दाखवली तेव्हा सगळ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. शिडी लावायची सोयीची जागा एकच होती, आणि तिथून दुसऱ्या पावलाला धुळीखाली तडकलेलं प्लास्टिक होतं. पडद्यात ते बघून मिस्त्री मान खाली घालून बसले.

ते एक वर्ष मी मिळालेल्या कागदावर ताठ मानेनं उडलो. झाकणातून उडायचो, झाकणात उतरायचो. नियमानं त्याला मनाई नव्हती, कारण नजरवाली संबंधित व्यक्ती होती. पान नऊ. वर्ष संपलं आणि नवा नियम आला, की प्रत्येक यंत्रानं हवेत असताना आपला नंबर आपणहून कळवला पाहिजे. माझ्यात ती सोय नाही, आणि बसवताही येत नाही. माझा नंबर रद्द झाला. फुगलेली बॅटरी काढून जमा केली. सूनबाईनं नवा ड्रोन घेतला. तो चांगला आहे. सरळ उडतो. मला त्याचा हेवा वाटत नाही. बरं, थोडा वाटतो. पण झाकणात उतरायला त्याला मीच शिकवलं, म्हणजे माझ्यावर शिकलेल्या बोटांनी शिकवलं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला ड्रोन उडवावासा वाटेल. जरूर उडवा. त्याला धुळीत उतरवू नका, फुगलेली बॅटरी वापरू नका, त्याची ओढ कुठली ते समजून घ्या. नियमांना घाबरू नका आणि त्यांना हसूही नका. ते शेवटपर्यंत वाचा, खालची बारीक अक्षरंसुद्धा. आणि कुणी कितीही मोठा माणूस वाकून ड्रोनखाली आला, तर मोठ्यानं 'थांब' म्हणा. सगळं मैदान बघत असलं तरी म्हणा.

आता फळीचं सांगतो. माझा नंबर रद्द झाला त्या दिवशी मला कुठे ठेवायचं यावरून घरात वाद चालला होता. सासूबाई कपाट म्हणत होत्या, सूनबाई काचेची पेटी म्हणत होती. मिस्त्री उठले. काठी टेकत मागच्या भिंतीशी गेले. तिथून करवतीचा आवाज यायला लागला. दोघी धावत बाहेर गेल्या.

त्यांनी शिडीच्या पायऱ्या एकेक करून उपटल्या होत्या. दोन्ही लांब पट्ट्या कापून शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. जिथे पायऱ्या होत्या, तिथे ओळीनं गोल भोकं उरली होती.

"असू दे म्हणायचात ना?" सूनबाई म्हणाली. "लागेल कधी, म्हणायचात."

"लागली," मिस्त्री म्हणाले. "फळीला."

तेव्हापासून मी इथे आहे. मिस्त्री समोरच्या खुर्चीत बसून चहा पितात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझा आठचा आकडा हातवारे करून दाखवतात. कधी तरी त्यांची नजर वर येते, माझ्यावर आणि माझ्याखालच्या लाकडावर. येऊ दे. मी उडत नसेन, पण माझं काम सुटलेलं नाही. शिडीवर मी बसलो आहे, आणि मी उठणार नाही.